हवा मोजणारी पेटी

कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्राच्या कुंपणाबाहेर, कामगार वसाहतीच्या तोंडाशी, खांबावर हवा मोजणारी पांढरी पेटी होती. पेटीतला आकडा चढला की साहेबांना वरून फोन यायचा. साहेबांनी खूप विचार केला. धुराड्याचा धूर कमी करणं खर्चाचं होतं. पेटीजवळची हवा धुणं फुकटात पडत होतं. फिटरच्या हातात पाइप आला. दिवसभर पेटीभोवती पाण्याचे बारीक तुषार उडवायचे. राख खाली बसायची, आकडा उतरायचा, साहेबांचा रक्तदाबही उतरायचा.

फिटरची आई दम्याची. घरी एक वाक्य बोलायला तिला तीन श्वास लागत. एकदा त्याचा जेवणाचा डबा घेऊन आली आणि खांबाखाली टेकली. टेकली ती सलग सुनेच्या तक्रारी सांगत सुटली.

"आई, खोकला कुठे गेला?"

"मलाही तेच कळेना. छाती कशी मोकळी झाली बघ!"

दुसऱ्या दिवशी ती चटई घेऊन आली. मग शेजारीण आली, निवृत्त मास्तर आले, एकाने तर खाट आणली.

साहेब धावत आले. "ही गर्दी कसली?"

"हवा खायला आलेत, साहेब."

"हवा काय इथेच आहे? सगळीकडे आहे की!"

"आहे ना. पण बाकीकडे चावून खावी लागते."

साहेब हसले नाहीत. "तपासणीवाल्यांनी हे पाहिलं तर मेलोच. उद्या तुझी आई इथे दिसली, तर तू कामावर दिसणार नाहीस."

त्या संध्याकाळी आई घरी खोकत बसली आणि फिटर तिच्याकडे बघत बसला. सकाळी तो साहेबांसमोर उभा राहिला.

"साहेब, पेटी रस्त्यावर आहे म्हणून माणसं जमतात. कुणाच्या तरी खिडकीत लावू. पाइप तिथवर नेऊ."

"माणूस विश्वासातला पाहिजे."

"शोधावा लागेल," असं म्हणून फिटरने शोधायला लागतो तेवढाही वेळ घेतला नाही.

पेटी आईच्या खाटेशेजारच्या खिडकीत बसली. आई सलग बोलू लागली; सून माहेरी जायचं म्हणू लागली. आकडा इतका सुधारला की साहेबांना वरून शाल आली.

काही दिवसांनी साहेबच दारात उभे. शेजारी त्यांची मुलगी, खोकून खोकून लाल झालेली.

"मावशी, पेटी थोडे दिवस आमच्या बंगल्यावर नेली तर...?"

फिटर आईकडे बघू लागला. पेटी गेली की पाइप जाणार, आणि पाइपामागून आईचा श्वासही.

"पेटी कुठेही जायची नाही," आई म्हणाली. मग सरकून खाटेवर जागा केली. "पोरीला इथे बसवा. तुम्हीही बसा, दमलेले दिसता."

साहेब बसले. फिटरने नळ थोडा मोठा केला.