मुद्दाम डावीकडे

घरात तिला सगळे भिंगरी म्हणत, आणि ते काही लाडाचं नाव नव्हतं. ती होतीच तशी. जेवताना पाय हलत राहायचा, फोनवर बोलता बोलता तिन्ही खोल्या फिरून व्हायच्या. सैन्यात संदेश विभागात भरती झाली तेव्हा आईने सुस्कारा सोडला होता, "चला, आता सरकार पळवेल हिला. आपण जरा बसू."

पळण्यात तिचा हात धरणारं तुकडीत कोणी नव्हतं. त्यामुळे विशेष पथकाच्या निवडीत ती नापास झाली हे कोणाला पटेना. परीक्षा ऐकायला सोपी होती. पाठीवर ओझं घ्यायचं, नकाशा आणि होकायंत्र घेऊन एकट्याने डोंगरातल्या खुणा शोधत जायचं, तेही ठरल्या वेळात. पहिल्या दोन खुणा तिने सगळ्यांच्या आधी गाठल्या. मग डोंगराच्या ज्या सोंडेवरून उतरायचं ती सोडून शेजारच्या सोंडेवरून ती सुसाट खाली गेली. अर्ध्यात मनात शंकेची पाल चुकचुकली होती. ओढा उजव्या हाताला हवा होता, तो डावीकडे दिसत होता. पण पुन्हा चढायचं जिवावर आलं, म्हणून 'नकाशाच जुना असेल' अशी तिने स्वतःची समजूत घातली. वेळ संपली तेव्हा ती भलत्याच दरीत उभी होती.

"पाय चांगले आहेत तुझे," परीक्षा घेणारे उस्ताद म्हणाले. "डोकं मात्र मागून चालत येतं."

हे वाक्य वर्षभर कुसळासारखं टोचत राहिलं. दुसरी आणि शेवटची संधी जवळ आली तशी ती दर सुट्टीला शहराबाहेरच्या टेकड्यांवर सरावाला जायला लागली. गाडी बाबांची होती, आणि बाबा आपल्या गाडीची किल्ली कोणाच्या हाती देत नसत. सगळी नोकरी त्यांनी शहर बस चालवण्यात काढली होती. ते स्वतः तिला सोडायचे, टेकड्यांच्या पायथ्याशी फाटकाजवळ गाडी लावायचे आणि ती येईपर्यंत पेपर वाचत बसायचे.

"एवढं काय असतं गं त्यात?" ते एकदा म्हणाले. "मी उभ्या जन्मात कधी रस्ता चुकलो नाही."

"बाबा, तुमचा रूट ठरलेला होता."

"म्हणून काय झालं? चुकणारे त्यातही चुकतात."

त्या रविवारी पेपर लवकर संपला असावा. तिच्या नकाशावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हा निळा ठिपका म्हणजे तळं का?" ती बुटांच्या नाड्या आवळत "हो" म्हणाली आणि निघून गेली. दुपारी परत आली तोवर ढग पार खाली उतरले होते. फाटकाचा खांब दिसत होता, त्यापुढे सगळा कापूस. गाडीला कुलूप होतं. बाबांचा फोन आतच, पुढच्या सीटवर पडलेला होता.

तिने हाका मारल्या. धुक्याने त्या जागच्या जागी गिळल्या. सकाळी तळ्याचं विचारत होते, तिकडेच गेले असणार. तळ्याकडे जाणारी पायवाट वर चढत होती; तिने पाठीवरचं ओझं टाकलं आणि पळत सुटली. हाक मारायची, पळायचं, पुन्हा हाक. पायवाट कधी गवतात विरली ते कळलंच नाही. कळलं तेव्हा चारी बाजूंना सारखंच गवत होतं आणि आपण कुठे आहोत याचा तिला पत्ता नव्हता.

बाबांना गुडघ्याचा त्रास होता. टेकड्यांच्या पलीकडे एक जुनी खाण होती, तिला कुंपणही नव्हतं. डोळ्यांसमोर नको नको ते यायला लागलं. पाय म्हणत होते, पळ, कुठेही पळ, पण पळ. ती खाली बसली. ओल्या गवतात, मांडी घालून. बसणं इतकं जड जातं हे तिला आजवर माहीत नव्हतं. तिने नकाशा गुडघ्यांवर दाबून धरला.

पहिलं काम, शेवटची खात्रीची जागा. ती म्हणजे येताना पळत ओलांडलेला, पायवाटेला फुटलेला फाटा. स्वतःच्याच पावलांनी दबलेलं गवत धुंडाळत ती तिथवर मागे आली. मिनिटं वाया जातायत असं सारखं वाटत होतं. फाट्यावर डावीकडे अरुंद पायवाट, उजवीकडे रुंद गाडीरस्ता. आयुष्यभर बस चालवलेला माणूस कुठे वळेल, हे विचारायलाच नको होतं. पण तो रुंद रस्ता तळ्याला जात नव्हता. तो माळावर मध्येच संपत होता, आणि त्यापुढे खाण.

रस्ता संपला तिथे ती पुन्हा थांबली. होकायंत्र धरून सरळ खाणीकडे निघावं, असं मनाने घेतलं. पण धुक्यात सरळ जाणारा माणूस थोडा इकडे तिकडे होतोच, आणि मग खाण डावीकडे राहिली की उजवीकडे हे कळत नाही. खाणीजवळून एक ओढा खाली येत होता, तिची वाट आडवी कापत. तिने मुद्दाम डावीकडचा रोख धरला. चूक आपण होऊन पदरात घ्यायची, म्हणजे ओढा लागला की खाण उजवीकडेच असणार, डोळे मिटून तिकडे वळता येतं. पावलं मोजत, चालत, फक्त चालत ती निघाली. मधूनच पाय आपोआप वेग घ्यायचे आणि ती त्यांना घोड्यासारखी आवरायची.

पाण्याचा आवाज आला. ती उजवीकडे वळली, काठाकाठाने चढत राहिली. आधी खोकला ऐकू आला, मग एका दगडावर बसलेले बाबा दिसले. एका पायातला बूट काढलेला, पँट गुडघ्यापर्यंत चिंब. त्यांच्या मागे चार पावलांवर जमीन संपत होती.

"मी हरवलो नव्हतो," ते आधीच म्हणाले. "थांबलो होतो."

"बरं."

"पाण्याचा आवाज आला. म्हटलं, तळं आलं. पाय घसरला." मग हलक्या आवाजात, "मागे काय आहे गं?"

"खाण."

ते दगडावरून जरा पुढे सरकले. तिने बुटातलं पाणी ओतून तो त्यांच्या पायात घातला. तिला ओरडायचं होतं, रडायचंही होतं, पण दोन्ही जमेना. त्यांचा हात खांद्यावर घेऊन ती उठली. वाटेत ती दर थोड्या वेळाने थांबून नकाशा बघत होती. बाबा एरवी कोणाच्या मागून मुकाट जाणारे नव्हेत, पण त्या दिवशी ती थांबली की तेही निमूट थांबत. फाटक दिसल्यावर मात्र म्हणाले, "आईला सांगू नकोस. फार तर पाय मुरगळला म्हण."

तीन आठवड्यांनी निवड सुरू झाली. ऊन रणरणत होतं, ढगाचा मागमूस नव्हता, आणि तरीही एका सोंडेवर तिला शंका आलीच. ओझ्यासकट ती खाली बसली. पोरं तिच्या शेजारून धाडधाड उतरून गेली. एक तर हसला. उठून त्यांच्या मागे जावं म्हणून तिचं सगळं अंग ओढत होतं. नकाशा पाहून ती उलटी वळली आणि जेवढं उतरली होती तेवढं सगळं पुन्हा चढली. हसणारा वाट चुकला आणि संध्याकाळी ट्रकमधून परत आला.

शेवटची खूण तिने गाठली तेव्हा उस्ताद घड्याळाकडे बघत उभे होते. त्यांनी नुसती मान हलवली आणि पाण्याची बाटली पुढे केली.

छावणीतल्या फोनपाशी रांग होती. तिची पाळी आली तेव्हा बाबांनीच उचलला.

"कितवी आलीस?"

"शेवटून दुसरी."

भिंगरी कधी शेवटून दुसरी आली नव्हती.

"मग आता?" त्यांनी चाचरत विचारलं.

"मग काय, पास झाले. उद्यापासून पुढचा टप्पा. पोहायचं आहे."

"तुला पोहता कुठे येतं नीट?"

"तेच तर," ती म्हणाली, आणि मागच्या मुलीने खांद्यावर टकटक केल्यावर फोन ठेवला.