सभेत सांगितलेली गोष्ट

परभणीच्या महिला आधारगृहात एक रीत होती. तिथं येणाऱ्या बाईला, मग ती वयानं कितीही लहान असो, कुठल्याही गावची असो, ‘अहो’ म्हणूनच हाक मारायची. ही रीत हेमाबाईंनी घातली होती. त्या स्वतः बालविधवा होत्या. सासरी वर्षानुवर्षं त्यांना कुणी नावानं हाक मारली नव्हती. पुढं एका मामांनी त्यांना पुण्याला नेऊन शिकवलं, आणि दत्तोपंत वकिलांनी परभणीत आधारगृह काढलं तेव्हा ते चालवायला बोलावून घेतलं. निजामाच्या राज्यात अशी संस्था काढायची म्हणजे कचेरीत पन्नास खेटे घालावे लागत. ते दत्तोपंतांनी घातले, आणि घर सांभाळलं हेमाबाईंनी.

मनकर्णा तिथं आली ती भावाच्या बैलगाडीतून, घोंगडीखाली अंग चोरून. माहेर पोखर्णीचं, सासर ताडकळसचं. नवरा सापानं गेलेला. भाऊ चंद्रभान दारातच उभा राहिला आणि जमिनीकडं बघत म्हणाला, “बहीन हाय माजी. दोन जिवांची हाय. बाकी काई ईचारू नका.”

हेमाबाईंनी काही विचारलं नाही. मनकर्णेला आत नेलं, अंघोळीला पाणी काढून दिलं आणि जेवायला वाढलं. मूल दिवस भरायच्या आधीच झालं आणि जगलं नाही. त्यानंतर कितीतरी दिवस मनकर्णा कोपऱ्यात बसून असायची. हेमाबाई रोज तिच्याजवळ जाऊन बसत, काही निवडत, काही शिवत. बोलायलाच हवं असा त्यांचा आग्रह नव्हता.

एका दुपारी ज्वारी पाखडता पाखडता मनकर्णाच बोलायला लागली. दीर भुजंग, रिकामा गोठा, सासूनं तोंडावर ठेवलेला हात, सगळं तिनं सांगितलं. सूप एकदाही थांबलं नाही. शेवटी म्हणाली, “हे मी कुनालाच सांगितलेलं न्हाई. माईला सुदिक अर्धंच ठावं हाय. तुमी कुटं बोलू नका, बाई.”

“नाही बोलणार,” हेमाबाई म्हणाल्या.

मग काही दिवसांनी त्यांनी विचारलं, “पुढं काय करावंसं वाटतं तुम्हाला?” मनकर्णेला उत्तर द्यायला बरेच दिवस लागले. असं तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. शेवटी ती म्हणाली, “बाळतपनं करायला शिकावं वाटतं. माज्या टायमाला कुनी नीट जानतं असतं तर ते लेकरू वाचलं असतं काय की.” हेमाबाई तिला घेऊन सरकारी जनाना दवाखान्यात गेल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिचे हात पाहिले, दोन प्रश्न विचारले आणि ठेवून घेतलं.

इकडं चंद्रभाननं गावात सांगून ठेवलं होतं की बहीण नांदेडला दवाखान्यात कामाला आहे. ते लोकांना पटलंही होतं. त्यामुळं नृसिंहाच्या जत्रेला मनकर्णेला उजळ माथ्यानं पोखर्णीला जाता येई. आई धुरपताबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणायची, “हाड लागत न्हाई आता हाताला.” तिथून परत आली की मनकर्णा आठवडाभर गुणगुणत काम करायची. शहरातल्या चांगल्या घरांतून बाळंतपणाला तिला बोलावणीही येऊ लागली होती.

त्या वर्षी आधारगृहाच्या घरमालकानं चैत्रापर्यंत जागा रिकामी करायला सांगितलं. नव्या जागेला मदत मिळावी म्हणून दत्तोपंतांनी संक्रांतीनंतर वार्षिक सभा ठरवली, कचेरीतून इजाजत आणली, शहरातले आडते, वकील, अंमलदार, त्यांच्या बायका, सगळ्यांना बोलावलं.

“हेमाबाई, लोकांना नुसता अहवाल वाचून दाखवू नका,” ते म्हणाले. “त्यानं कुणाचं मन द्रवत नाही. एखाद्या बाईची खरी हकीकत सांगा.”

“त्यांच्या गोष्टी सांगायच्या नसतात, दत्तोपंत.”

“नाव घेऊ नका. गाव सांगू नका. पण सांगा. नाहीतर चैत्रात ह्या सगळ्या बायका रस्त्यावर येतील.”

मनकर्णेला विचारावं, असं हेमाबाईंच्या मनात आलं होतं. पण विचारलं तर ती नाही म्हणेल, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी विचारलं नाही. सभेची गडबड आहे, वेळ कुठाय, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

सभा चांगली भरली. अंगणात मांडव, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, आणि तालुकदारसाहेबांच्या बेगम बांबूच्या चिकाच्या पडद्याआड. हेमाबाई बोलायला उभ्या राहिल्या. नाव त्यांनी घेतलं नाही. पण गोठा सांगितला, सासूचा हात सांगितला, घोंगडीखालून आलेली बाई सांगितली. आपला आवाज इतका लागेल असं त्यांना वाटलं नव्हतं. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. त्या खाली बसल्या तेव्हा दत्तोपंतांनी लांबूनच हात जोडले.

मग चहा झाला. बायकांनी हेमाबाईंना घेरलं. एका आडत्याची बायको, पार्वतीबाई, नाक पुसत म्हणाली, “कोण हो ती बिचारी? इथंच असती का?” त्याच वेळी मनकर्णा पेल्यांचं तबक घेऊन तिथून चालली होती. मांडवात ती नव्हती; चुलीपाशी होती. काय बोललं गेलं हे तिला माहीत नव्हतं. हेमाबाईंच्या डोळ्यांत अजून पाणी होतं, छाती अभिमानानं भरून आली होती. त्यांनी मनकर्णेच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “हीच ती.”

सगळ्या बायका मनकर्णेकडं वळून पाहू लागल्या. पार्वतीबाईनं पुढं होऊन तिच्या गालाला हात लावला आणि म्हणाली, “काय गं बाई तुझं नशीब. दिरानंच करावं ना.”

मनकर्णेनं तबक हळूच बाजेवर ठेवलं आणि ती आत गेली. थोड्या वेळानं बाहेर येऊन तिनं सगळे पेले गोळा केले, घासले, पुसून फळीवर पालथे घातले.

दुसऱ्या दिवशी हेमाबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या. “तुम्हाला कुणी वाईट म्हटलं नाही, मनकर्णाबाई. त्या सगळ्या तुमच्यासाठी रडल्या.”

“रडल्या,” मनकर्णा म्हणाली. “पन कालपस्तोर त्या मला बाळतपनाला बोलवीत होत्या. आता जुनं लुगडं द्यायला बोलवायलेत.” मग ती म्हणाली, “मी बोलले ते तुमाला बोलले होते, बाई. सभेला न्हाई. आन तुमी मला कदी ‘ही’ म्हनला न्हवता.”

नव्या जागेचं, बाकीच्या बायकांचं सांगावं असं हेमाबाईंच्या ओठांवर आलं होतं. ते खरंही होतं. पण त्या क्षणी ते त्यांना बोलवेना.

पार्वतीबाईचं माहेर पोखर्णीचं होतं. तिनं दुष्टपणानं काही केलं नाही. माहेरी गेली आणि कळवळून बोलली. महिन्याच्या आत चंद्रभान आधारगृहाच्या ओट्यावर येऊन बसला. त्याच्या मुलीचं जमलेलं लग्न मोडलं होतं. भावकीनं पंगतीतून उठवलं होतं. ओरडला वगैरे काही नाही. “आता गावाकडं येऊ नको, मने,” एवढंच म्हणाला. “मी रोज माईला सांगतो, तू यायलीस, यायलीस म्हनून. पन तू येऊ नको.”

त्यानंतर ताडकळसहून भुजंग आला. सोबत दोघं काठीवाले होते. आपली बदनामी करणारी बाई कुठं आहे ते त्याला हवं होतं. ती इथं नाही, असं हेमाबाईंनी दारात उभं राहून सांगितलं. दत्तोपंतांचा गडी धावत येईपर्यंत त्यांनी दार सोडलं नाही. मनकर्णा आतल्या खोलीत सगळं ऐकत होती.

तो गेल्यावर हेमाबाई आत आल्या. “मी सगळं ठरवलंय. तुम्हाला पुण्याला पाठवते. तिथं माझ्या ओळखीची संस्था आहे, तुमचं शिक्षण पुरं होईल, कुणी ओळखणार नाही.”

मनकर्णा शांतपणे म्हणाली, “बाई, मी आले तवा तुमी मला ईचारलं होतं, काय करावं वाटतं म्हनून. आता काहून ईचारीनात?”

हेमाबाई खाली बसल्या. मग त्यांनी विचारलं.

मनकर्णेला पुण्याला जायचं नव्हतं. जिंतूरच्या दवाखान्यात सुईण हवी होती. डॉक्टरीणबाईंकडून तिनं ते आधीच काढून घेतलं होतं. “इतं आसपासच ऱ्हाते. माई हाय तवर मुलूख सोडायचा न्हाई. पन मी कुटं हाय ते कुनाला सांगू नका. चंद्रभानला बी न्हाई. भाऊ भोळा हाय. कुनी दम दिला की सांगून बसंल, आन मग तो भुजंग यील.”

“नाही सांगणार,” हेमाबाई म्हणाल्या. हेच शब्द आपण आधीही दिले होते, हे त्यांना बोलता बोलता जाणवलं. मनकर्णेलाही ते जाणवलं असेलच. पोखर्णीला जाऊन चंद्रभानच्या भावकीची समजूत घालू का, असं हेमाबाईंनी विचारलं. ती म्हणाली, “नगा. तुमी बोललात की वाढतंय.” हेमाबाई गेल्या नाहीत. काही न करणं त्यांना कधी जमत नसे, पण ते त्यांनी केलं.

काही वर्षं गेली. आधारगृह स्वतःच्या जागेत आलं. त्या सभेत गहिवरलेल्या लोकांनीच ती मिळवून दिली होती. तिथं पुष्कळ बायका आल्या, सावरल्या, आपापल्या वाटेनं गेल्या. दर वर्षी सभा होई आणि दर वर्षी दत्तोपंत म्हणत, “त्या वेळसारखं बोला एकदा.” हेमाबाई उठून अहवाल वाचत आणि बसत. पंचमंडळी नाराज झाली. बाईंचं पहिल्यासारखं लक्ष राहिलं नाही, असंही म्हणू लागली. नव्या इमारतीच्या भिंतींना हेमाबाई कधी आपलेपणानं टेकल्या नाहीत. भिंतींचा चुना ताजा असताना सगळ्यांनी घर पाहायला गर्दी केली, तेव्हा त्या परसात धुणं वाळत घालत राहिल्या.

एका भाद्रपदात, पावसाची झड लागलेली असताना, चंद्रभान पुन्हा आला. केस पिकले होते. डोक्यावरचं पोतं न काढताच तो म्हणाला, “माई जायला टेकली हाय. मनीचं नाव घ्यायलीय सारकं. कुटं हाय ती? गाव सांगा, मी आत्ता बैल जुपतो.”

हेमाबाईंच्या तोंडाशी गावाचं नाव आलं होतं. भुजंग अजून होता. त्या काळात तर त्याची पंचक्रोशीत दहशत वाढली होती. हत्यारबंद लोकांत त्याची ऊठबस होती. आणि शब्द दिलेला होता.

“मला सांगता येणार नाही, चंद्रभानजी. मी स्वतः त्यांच्याकडं जाते. यायचं की नाही ते त्या ठरवतील.”

चंद्रभान दाराकडं वळला. “सांगायचं न्हवतं तवा सांगितलंत,” तो म्हणाला, “आन सांगायचं हाय तर गप बसता.” मग तो पावसात निघून गेला.

हेमाबाई तशाच मोटारीच्या अड्ड्यावर गेल्या. त्या दिवशी जिंतूरची मोटार सुटली नाही. वाटेतल्या नाल्याला पूर होता. बैलगाडीवाले नाही म्हणाले. चंद्रभानची गाडी त्या पाण्यातून निघाली असती की नाही, हा प्रश्न त्यांना पुढं आयुष्यभर पडत राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी मोटार निघाली. मनकर्णा दवाखान्याच्या पडवीत एका ओल्या बाळंतिणीला शेक देत होती. पूर्वीपेक्षा जाड झाली होती, चेहऱ्यावर ठामपणा आला होता. निरोप ऐकला, हातातलं काम दुसऱ्या बाईला नीट समजावून दिलं आणि हेमाबाईंबरोबर निघाली. वाटेत दोघी शेजारी बसून होत्या. मनकर्णेनं एकदाच विचारलं, “कवापासून नाव घ्यायली व्हती?” हेमाबाईंना ते माहीत नव्हतं. त्यांनी चंद्रभानला विचारलंच नव्हतं.

पोखर्णीला त्या पोचल्या तेव्हा धुरपताबाईंना नेऊन झालं होतं. ओसरीवर माणसं बसली होती. कुणी मनकर्णेला ये म्हटलं नाही आणि जा म्हणूनही म्हटलं नाही. चंद्रभाननं सरकून जागा केली. ती त्याच्याजवळ जाऊन बसली आणि तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. हेमाबाई अंगणातल्या चिखलात उभ्याच होत्या.

परतायच्या वेळी, गाडी जुंपली जात असताना, त्या मनकर्णेजवळ आल्या. “मी चंद्रभानजींना गावाचं नाव सांगायला हवं होतं का? तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल ते मी मान्य करीन.”

मनकर्णेनं डोळे पुसले. रागाचं काही तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. होता तो निव्वळ थकवा. “ते मला ईचारू नका, बाई,” ती म्हणाली. “माजं मला लय हाय. तेवडं तुमचं तुमी बगा.”

मग तिनं हेमाबाईंना गाडीत चढायला हात दिला, पायाशी कडबा सारून बसायला जागा केली आणि गाडीवानाला सांगितलं, बाईंना परभणीला नीट सोड, उतारावर बैलं हळू घे. दहावा होईपर्यंत ती पोखर्णीलाच राहणार होती. भावकीनं काही म्हटलं तरी, असं ती म्हणाली. हेमाबाईंनी पुढं काही विचारलं नाही. गाडी निघाली तेव्हा मनकर्णा वळून घरात गेली होती.