अर्धा पत्ता

मी एक जुना संगणक आहे. मित्रांनो, हल्ली माझ्या डोक्यावर रंगाचे रिकामे डबे ठेवतात, पण हसू नका. एके काळी या शहरातल्या रुग्णवाहिका माझ्या शब्दावर धावत होत्या.

मला अक्कल दिली ती आत्याने. ती प्रोग्रॅमर होती. तिची भाची शाळा सुटल्यावर तिच्या टेबलाखाली खेळत बसायची, म्हणून सगळेच तिला आत्या म्हणत. तेव्हा माझी स्मरणशक्ती ती केवढीशी! आत्या एकेक ओळ तोलूनमापून लिहायची. तिला एक खोड होती. रुग्णवाहिकेसाठी येणारे फोन घेणाऱ्या ताई सरावासाठी पत्ता टाईप करू लागल्या, की ती मागून येऊन सरळ माझा प्लग उपटायची.

"अहो, किती छळाल त्या गरिबाला!" ताई ओरडायच्या.

"वीज काय विचारून जाते?" आत्या म्हणायची.

मग ती मला पुन्हा सुरू करायची. पत्ता जिथे तुटला तिथपर्यंत शाबूत दिसला, की मगच चहाला उठायची. अक्षर पडले रे पडले की मी ते जपून ठेवायचो. तशी शिस्तच तिने मला लावली होती.

भाची मोठी होऊन प्रोग्रॅमर झाली. तिने नवा प्रोग्रॅम केला, नकाशे आणि रंगांनी नटलेला. पूर्ण पत्ता भरून बटण दाबले की तो जपला जाई, त्याआधी नाही. उद्घाटनाला आत्या काठी टेकत आली. सवयीने तिचा हात नव्या यंत्राच्या प्लगकडे गेला. भाचीने तो धरला.

"आत्या, पाहुण्यांसमोर नको गं. आता असं कोणी करत नाही."

सगळे हसले. आत्याही हसली. मग ती माझ्यासमोर बसली, आपल्या घराचा पत्ता टाईप करू लागली आणि मध्येच तिने माझा प्लग काढला. त्याच दिवशी मी अडगळीत आलो. पुढे आत्या गेल्याचे मला दाराबाहेरच्या बोलण्यातून कळले. मला फार एकटे वाटले.

मग ती दुपार आली, तीही मला दाराबाहेरच्या बोलण्यातूनच कळली. एका म्हाताऱ्याचा फोन होता, त्याची बायको पडली होती. ताई पत्ता टाईप करत असतानाच वीज गेली आणि फोनही तुटला. वीज आली तेव्हा नव्या यंत्राचा पडदा कोरा होता. फोन पुन्हा आला नाही.

"बागेच्या मागे म्हणाले... की शेजारी? देवा, कुठली बाग?" ताई कपाळ बडवून घेत होत्या. गाड्या सगळ्या बागांभोवती फिरून रिकाम्या परतल्या.

संध्याकाळी भाची अडगळीत आली. तिने डबे बाजूला केले, प्लग लावला. मी कण्हत उठलो. पडद्यावर आत्याचा अर्धा पत्ता होता, तुटला तिथपर्यंत शाबूत. भाचीने त्या तुटक्या ओळीवरून बोट फिरवले.

"आत्या, एकदा प्लग उपटू द्यायला हवा होता गं तुला," एवढेच ती म्हणाली.

मित्रांनो, उद्या तुम्हीही यंत्रांना शिकवाल. काम लोकांच्या हाती देण्याआधी एकदा आपल्याच हाताने प्लग उपटून बघा. मी जपलेल्या पत्त्यावर आता कोणी राहत नाही. त्या म्हाताऱ्याचा पत्ता मात्र माझ्याकडे नाही, आणि कोणाकडेच नाही.