डॉक्टरबाईंची रबरी हातोडी

मी एक जुनी हातोडी आहे. घाबरू नका मित्रांनो, माझं डोकं रबराचं आहे. मी खिळे ठोकत नाही, गुडघ्याखाली हळूच टिचकी मारते. पाय आपोआप उडाला, की मेंदूच्या डॉक्टरांना कळतं, नसा शाबूत आहेत.

बेळगावच्या एका दुकानातून मला डॉ. दिपालीबाईंनी आणलं. त्या मूळच्या गुंजीच्या. म्हातारपणी काही माणसं सगळं का विसरतात, हे त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी धडधाकट माणसांनाही वर्षानुवर्षं भेटत राहायला हवं, असं त्या म्हणत. म्हणून मला पिशवीत टाकून त्यांनी खानापूरची खेडी आणि वडगावच्या विणकरांची घरं पालथी घातली. मागांच्या खडखडाटात बाई ओरडून प्रश्न विचारत आणि मी पाय उडवत असे. पोरं खिदळायची. तेव्हा माझा भाव काय वधारला होता म्हणून सांगू!

प्रश्न शहरातून छापून आलेले होते. आज वार कोणता? नवऱ्याचं नाव काय? म्हाताऱ्या बायका वार सांगत आणि नवऱ्याच्या नावाला मान खाली घालत. आमच्या बाई आपल्या ‘आठवत नाही’ असं लिहून मोकळ्या होत. मग आम्ही साडी विणणाऱ्या अंबाजींच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोने, बायाक्काने, तोंडाला पदर लावला.

“तेवढं सोडून कायबी इचारा, डॉक्टरबाई. धन्याचं नाव तोंडानं कसं घ्यायचं?”

बाईंनी कपाळावर हात मारला. त्यांची स्वतःची आईसुद्धा नवऱ्याचं नाव घेत नसे! तो प्रश्न त्यांनी काढून टाकला आणि आधीच्या सगळ्या बायकांकडे त्या पुन्हा जाऊन आल्या.

“लग्नात उखाण्यात घेतलं हुतं, तेवढंच,” अंबाजी हसत म्हणाले. “त्येच्या मागनं न्हाय.”

वर्षं गेली. दवाखान्यात मेंदूचे फोटो काढणारी यंत्रं आली. बाईंचं संशोधन परदेशात वाचलं गेलं, त्यांना शाली मिळाल्या. मी खणात धूळ खात पडू लागले. पण वडगावची फेरी निघाली, की मला हाक यायचीच. फेरीगणिक बायाक्का बदलत होती. आधी भाजीत दोनदा मीठ पडू लागलं. मग मागासाठी सुताची कांडी भरता भरता ती हातात धागा धरून नुसती बसू लागली. बाईंना त्या आजाराचं नाव ठाऊक होतं, पण तो थांबवता येत नव्हता.

गेल्या फेरीत बायाक्काने दाराकडे बघत मोठ्याने विचारलं, “आमचं अंबाजी कुठं गेल्यात?”

अंबाजी तिच्या शेजारीच बसले होते. जन्मभर ऐकायला न मिळालेलं आपलं नाव त्यांनी ऐकलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

“आगं, मीच की!”

बायाक्का पदर सावरून लांब सरकली. परक्या पुरुषाजवळ कसं बसायचं?

बाईंनी मला उचललं. मी टिचकी मारली आणि पाय टुणकन उडाला.

“बघा, उडाला की पाय! आता बरी हुईल न्हवं?” अंबाजींनी विचारलं.

“पाय ठीक हाय, आप्पा. पर ह्या आजाराला अजून औषध न्हाय. शोधायलोय आमी.”

एवढं सांगून बाईंनी मला पिशवीत ठेवलं. इतके पाय उडवले मी, पण त्या दिवशी मला माझ्याच कामाचं फार वाईट वाटलं.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत असेल, तर चिडू नका. चूक दाखवून त्यांना रडवू नका. बाईंचं औषध सापडेल तेव्हा सापडेल. तोवर अंबाजींनी केलं तसं करा.

ते उठून थोडे दूर बसले, म्हणजे तिला अवघडायला नको. डोळे पुसून म्हणाले, “अंबाजी व्हय? येतोय की बाजारातनं. मी त्येच्या वळखीचा. तवर हितं बसू का?”

बायाक्काने त्यांच्याकडे नीट पाहिलं.

“बसा,” ती म्हणाली. “पर त्येनी आल्याबिगर जाऊ नगा.”