नाकावरचं शिंग

मित्रांनो, मी शाळेच्या अंगणातला एक जुना, सिमेंटचा डायनासोर आहे. टेमघरला ही शाळा आहे. इथे बाईंना यंत्रमागांच्या खटखटाटाच्या वर आवाज चढवून शिकवावं लागतं. माझं खरं नाव इग्वानोडॉन. पण एवढं लांबलचक नाव कोण घेणार? मुलं मला नाकाड्या म्हणतात.

मला राघो गवंड्याने घडवलं. चित्रकलेच्या बाईंनी जुन्या पुस्तकातलं एक पुसट चित्र त्याच्या हाती दिलं आणि म्हणाल्या, "असा प्राणी कोट्यवधी वर्षांपूर्वी होता." राघोने सळ्या वाकवल्या, जाळी बांधली, पोटात गोणपाट आणि लूमवरच्या चिंध्या कोंबल्या आणि वरून सिमेंट थापलं. चित्रात जे कळत नव्हतं, ते त्याने आपल्या पाहण्यातून घेतलं. म्हणून माझी कातडी घोरपडीची, पोट गाभण म्हशीचं, आणि डोळेही म्हशीचेच, मोठे आणि शांत. शेपूट इतकी जड झाली की ती जमिनीवर लोळतच राहिली. शेवटी त्याने चित्रातल्यासारखं माझ्या नाकावर टोकदार शिंग बसवलं.

त्याची मुलगी धम्मदिना तेव्हा लहान होती. ती घाबरत म्हणाली, "बाबा, हा चावेल?"

"न्हाय गं. पाला खातो तो. तोंड बघ की त्याचं, किती गरीब हाय!"

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. शेलार, पूर्णा अशा आसपासच्या गावांतून लोक पोरांना घेऊन येत आणि माझ्याजवळ फोटो काढत. राघो भेटेल त्याला सांगे, "तो शाळेतला प्राणी माझ्या हातचा हाय." पुढे माझा हिरवा रंग उडाला, मानेला भेग पडली. मुलं हसायची, "हा गेंडा की घोरपड?" मला त्याचं वाईट वाटलं नाही. हसून झालं की तीच मुलं माझ्या शेपटीवर बसून डबे खायची.

धम्मदिना शिकली आणि याच शाळेत विज्ञानाची शिक्षिका झाली. मला वाटलं, आता ही रोज वर्ग घेऊन माझ्यापाशी येईल. पण ती मान खाली घालून माझ्या समोरून निघून जायची. असं का, ते मला कळत नसे.

ते कळलं सुवर्णामुळे. डोंगरावरच्या पाड्यातून येणारी ही सातवीतली मुलगी. धम्मदिनाबाईंनी वर्गात जीवाश्मांचा धडा शिकवताना मोठ्या पडद्यावर माझ्या जातीचं नवं चित्र दाखवलं, आणि मधल्या सुट्टीत सुवर्णा बाईंचा हात धरून धावत माझ्याकडे आली.

"बाई, याचं शिंग चुकलंय! ते नाकावर न्हाय, अंगठ्यावर हाय!"

सगळी शाळा गोळा झाली. मुख्याध्यापक रवींद्र सरही आले. "मॅडम, खरं आहे का हे?"

"खरं आहे, सर," धम्मदिना हळूच म्हणाली. "शास्त्रज्ञांनीही आधी ते नाकावरच बसवलं होतं. मग सबंध सांगाडे मिळाले, तेव्हा कळलं, ते अंगठ्याचं टोक. आणि हा शेपूट फरफटत नव्हता, उचलून चालायचा."

"मग चुकीची वस्तू मुलांसमोर कशाला? तसाही भेगाळलाय. विज्ञान प्रदर्शनाआधी फोडून टाकू."

मित्रांनो, माझ्या पोटातल्या चिंध्यासुद्धा गार पडल्या. धम्मदिना एवढंच म्हणाली, "सर, आधी मला बाबांशी बोलू द्या."

रविवारी ती राघोला रिक्षातून घेऊन आली. त्याची नजर आता अधू झाली होती. तो तळहातांनी मला चाचपत शेपटीकडून तोंडापर्यंत आला. त्याचा हात शिंगावर पोचला तेव्हा ती म्हणाली, "बाबा, हे चुकलंय. इथे शिंग नव्हतंच. मला कॉलेजात असतानाच कळलं होतं."

"मग इतकी वर्षं बोलली न्हाईस?"

"तुम्ही सगळ्यांना अभिमानाने सांगत होतात. माझ्याच्याने बोलवलंच नाही."

राघो माझ्या शेपटीवर बसला. "वाईट वाटलं मला. खोटं कशाला सांगू? पण माझ्यापायी तू एकटीच लाजत फिरलीस, त्याचं जास्त वाटतंय." मग त्याने डोळे पुसले. "छिन्नी आण."

त्याला नीट दिसत नव्हतं, म्हणून हातोडा धम्मदिनाने चालवला. तो बोटांनी चाचपून सांगत राहिला, "इथं न्हाय. जरा खाली. हळू." शिंग अख्खं निघालं. ते माझ्या एका अंगठ्यावर बसलं. दुसऱ्यासाठी राघोने तसंच नवं वळलं. मानेची भेगही बुजवली. शेपूट मात्र उचलता येईना. ती उचलली असती, तर मीच कोसळलो असतो.

दुसऱ्या दिवशी धम्मदिनाने सगळा वर्ग माझ्याभोवती बसवला. नाकावरचा खडबडीत डाग दाखवून ती म्हणाली, "इथे माझ्या बाबांनी शिंग बसवलं होतं. त्या चित्राला जेवढं ठाऊक होतं, तेवढं त्यांनी केलं. कळल्यावर त्यांनीच ते हलवलं. शेपूट अजून चुकीची आहे. कशी हवी होती, कोण सांगेल?" कितीतरी हात वर गेले. मागे उभे असलेले रवींद्र सर जाताना मुलांना म्हणाले, "आता याला रंग कोणता द्यायचा, ते तुम्ही ठरवा."

मित्रांनो, माझा खरा रंग कोणता होता, हे अजून कुणालाच ठाऊक नाही. मुलांनी निळा निवडलाय. उद्या तोही चुकीचा निघेल कदाचित. तसं झालं तर जरूर सांगा, लपवू नका. फक्त सांगताना एक हात माझ्या पाठीवर असू द्या.