वही माझ्या पोटात होती

मित्रांनो, फ्राडेलबाईंची वही हरवली आहे हे शाळेला कळले तो मंगळवार होता. कपाटे उपसली, बाके सरकवली, हरवलेल्या हातमोज्यांचा डबासुद्धा जमिनीवर उलटा केला. वही सापडली नाही. ती माझ्या पोटात होती.

मी एक जुनी लाकडी पेटी आहे. अँटवर्पमधल्या एका ज्यू शाळेत, तळमजल्यावरच्या लांब बोळात, मुलांचे कोट टांगायच्या खुंट्यांखाली माझी जागा आहे. फाटलेली प्रार्थनापुस्तके, सुटी झालेली पाने, देवाचे नाव लिहिलेला कुठलाही कागद आमच्याकडे केरात टाकत नाहीत. तो माझ्यात टाकतात. मी भरले की ते सगळे पोत्यात घालून सीमेपलीकडे पुट्टे गावच्या दफनभूमीत नेतात आणि माणसाला पुरावे तसे पुरतात. माझ्यावर कुणी बसत नाही, कुणी पाय ठेवत नाही. माझ्यात एकदा टाकलेले कुणी बाहेरही काढत नाही. म्हणून तर त्या मंगळवारी माझे झाकण कुणी उघडले नाही.

भीती माझ्या लाकडातच आहे. युद्ध संपून शाळा पुन्हा उघडली तेव्हा आठ मुले आली. बाके मात्र साठ मुलांची होती. रिकामी बाके पाहून मास्तरांना वर्गात उभे राहवेना. शेवटी एका सुताराने त्यातली काही तोडली आणि निघालेल्या फळ्यांची मला केली. माझ्या डाव्या बाजूला अजून एका मुलाने चाकूने कोरलेली रेघ आहे. तो मुलगा कोण, कुठे गेला, मला माहीत नाही. कुणी विचारतही नाही.

पुढे मुले वाढली. बोळात गोंगाट सुरू झाला. पण फाटकावर पहारेकरी आले ते कायमचेच. वर्षातून काही वेळा धोक्याचा सराव होतो. घंटा तीनदा वाजते, दिवे बंद होतात आणि सगळे वर्ग खिडक्यांपासून दूर, माझ्या बोळात येऊन भिंतीला टेकून बसतात. कुणी बोलायचे नाही, कुणी रडायचे नाही. सत्तर मुलांनी श्वास धरला की तो आवाज कसा असतो, ते मी ऐकले आहे.

फ्राडेलबाई या शाळेत एकतीस वर्षे पहिलीला शिकवत होत्या. त्यांची एक जाड, निळ्या पुठ्ठ्याची वही होती. पहिल्या पानावर त्यांनी प्रार्थनेची पहिली ओळ मोठ्या अक्षरात लिहिलेली होती. वर्ष सुरू झाले की त्या वर्गातल्या सगळ्यांची नावे वहीत शाईने लिहीत. मग जे मूल ती ओळ कुणाच्या मदतीशिवाय वाचेल, त्याच्या नावापुढे तारीख घालत आणि त्याच्या बोटावर मधाचा एक थेंब देत. शिकणे गोड असते म्हणून. मुलांची बोटे चिकट, वहीही चिकट. वहीत चारशे बारा नावे होती.

त्यांचे यजमान लेझर याच शाळेत डागडुजीचे काम करतात. नळ, कुलपे, खुंट्या, सगळे तेच पाहतात. त्या दोघांचे माझ्यावरून अकरा वर्षे भांडण चालले होते, कारण माझी बिजागरी फार कुरकुरत असे.

"लेझर, त्या बिजागरीला तेल घाल रे. वर्गात शब्द ऐकू येत नाही."

"तूच घाल. शिकलेली तू आहेस."

"मी मेल्यावर तरी घालशील ना?"

"तेव्हा बघू. आधी तू मर तर खरी."

आणि दोघे हसत घरी जात. त्यांना मूलबाळ नव्हते.

यंदा वसंताच्या सुरुवातीला बाई एका आठवड्याच्या आजारात गेल्या. आमच्या सुतकाच्या रीतीप्रमाणे लेझर सात दिवस घरात जमिनीवर बसले. आठव्या दिवशी ते शाळेत आले, कुणाशी बोलले नाहीत, तेलाची कुपी घेऊन सरळ माझ्याकडे आले आणि त्यांनी बिजागरीत तेल घातले. चांगले तीनदा घातले. झाकण वर केले, खाली केले. आवाज आला नाही. मग ते बराच वेळ माझ्यासमोर उकिडवे बसून राहिले.

मित्रांनो, त्या तेलामुळेच पुढचे सगळे घडले.

तेल घातल्यानंतरच्या सोमवारी धोक्याचा सराव झाला. घंटा वाजली, दिवे गेले. पहिलीतली ब्लुमा माझ्या अगदी जवळ बसली होती. ही सात वर्षांची, किडकिडीत मुलगी नियम म्हणजे नियम पाळणारी होती. अंधारात तिचा हात माझ्या झाकणावर आला. झाकण वर झाले. मी कुरकुरले नाही. स्वेटरखालून काहीतरी काढून तिने माझ्यात सोडले. झाकण खाली आले. कुणालाही कळले नाही. मला मधाचा वास आला आणि माझ्या फळ्यांना घाम फुटला.

आधीसारखी कुरकुरले असते तर तेव्हाच सगळे उघड झाले असते.

मंगळवारी लेझर वही न्यायला वर्गात गेले तेव्हा ती नाही हे कळले. आमच्यात सण आला की मेलेल्या माणसाचे तीस दिवसांचे सुतक तिथेच संपते. म्हणून पेसाखच्या सणाआधी, पुढच्या मंगळवारी, शाळेने बाईंच्या आठवणीसाठी जमायचे ठरवले होते. या महिन्यात शोकाची भाषणे करत नाहीत. लेझर म्हणाले होते, भाषण नकोच, मी फक्त वहीतली नावे वाचतो.

"बाकी तिची काय खूण आहे माझ्याकडे?" ते मुख्याध्यापक रेब अंशेल यांना माझ्यासमोरच म्हणाले. "दोन झगे आणि एक चष्मा. ती वहीत होती हो."

ब्लुमा खुंटीवरून कोट काढत होती. तिने तो उलटा घातला आणि तशीच गेली.

त्या दिवसापासून आम्ही दोघी घाबरून होतो. ती रोज माझ्याजवळ येऊन उभी राही. झाकणाला हात लावी, मागे घेई. आत टाकलेले काढायचे नसते, हे तिला पाठ होते. काढावी तर नियम मोडेल, ठेवावी तर वही जमिनीत जाईल. माझे पोट गळ्यापर्यंत भरलेले होते. पोती कधीही आली असती. मला तोंड असते तर मी ओरडले असते. पण पेटीला तोंड म्हणजे झाकण, आणि ते दुसऱ्याने उघडावे लागते.

पुढच्या सोमवारी मुंग्या आल्या. दाराच्या उंबऱ्यापासून माझ्या पायापर्यंत सरळ रांग. पेसाख तोंडावर आलेला. या दिवसांत आमच्याकडे पावाचा एक कणसुद्धा उरू नये म्हणून पिसाने फटी झाडतात. रेब अंशेल मुंग्या पाहून जागीच थांबले.

"पाव! पेटीत कुणीतरी डब्यातला पाव टाकलाय!"

पहिलीचा वर्ग बोळात उभा केला गेला.

"कुणाचा पाव? आत्ता सांगा. देवाच्या पुस्तकांत पाव?"

"सर, माझा नाही. मी कडासुद्धा खातो," एक जाडसर मुलगा म्हणाला.

"ते दिसतंय," रेब अंशेल म्हणाले. मुले फिसकन हसली. ब्लुमा हसली नाही. ती मुंग्यांच्या रांगेकडे पाहत होती.

मुंग्या कशाला आल्या आहेत, ते फक्त आम्हा दोघींना माहीत होते.

कुणी कबूल केले नाही, तेव्हा रेब अंशेल लेझरना म्हणाले, "उद्या सकाळीच रिकामी करून घेऊ. निवडत बसायचं नाही, आहे तसं पोत्यात. आणि ही पेटी आता पुरे झाली. सांध्यासांध्यात कण शिरले असणार. प्लास्टिकची आणू. हिचं लाकूड सणाआधी अंगणात उरलासुरला पाव जाळायला होईल."

लेझरनी नुसती मान हलवली. त्या आठवड्यात ते सगळ्यालाच मान हलवत होते.

मित्रांनो, ती रात्र मी कशी काढली ते सांगत नाही. जळायचे भय होतेच. पण वही पोटात घेऊन मी गप्प बसले आहे, याचे भय त्याहून मोठे होते.

सकाळी अंत्यसंस्कार मंडळाचे योसेल पोती घेऊन आले. हे गृहस्थ आयुष्यभर माणसे पुरत आले आहेत आणि सतत विनोद करतात.

"चला, पुस्तकं माणसांपेक्षा जड असतात," ते बाह्या सारत म्हणाले. "पण एक बरं असतं. नातेवाईक मागे लागत नाहीत."

ते माझ्याजवळ वाकले आणि तेवढ्यात ब्लुमा रांगेतून धावत आली आणि माझ्यावर बसली.

 ऐंशी वर्षांत माझ्यावर कुणी बसले नव्हते.

"ब्लुमा!" रेब अंशेल यांचा आवाज फाटला. "ऊठ आधी! पवित्र पुस्तकांवर बसतात?"

तिने दोन्ही हातांनी माझ्या कडा धरल्या. 

"उठवू का?" योसेल म्हणाले. "चिमणीएवढी तर आहे."

"थांबा," लेझर म्हणाले. हातातला हातोडा त्यांनी खाली ठेवला. "या पोरीने सरावात शिंकसुद्धा गिळली होती. ही उगाच नियम मोडणार नाही. रेब अंशेल, मुलांना वर्गात न्या. योसेल, तुम्ही चहा घ्या."

"मी घेतलाय."

"अजून एक घ्या."

बोळात ते दोघेच उरले. लेझर तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"काय झालं गं?"

"मी उठले तर सगळे बघतील."

"काय बघतील?"

तिने माझ्या झाकणाची कड नखाने खरवडली. मग म्हणाली, "काका, माझ्या नावापुढे काही नाहीये."

लेझरना आधी कळले नाही. मग कळले, कारण त्यांचा हात माझ्या झाकणाकडे आला.

"बाई म्हणाल्या होत्या, सणाच्या आत वाचशील," ब्लुमा भराभर बोलू लागली. "मग त्या गेल्या. नव्या बाई वही बघतील, सगळ्यांना सांगतील. तुम्हीपण मोठ्याने वाचणार होता. आणि वहीत देवाचं नाव आहे, म्हणून मी केरात नाही टाकली. इथे टाकली. इथलं सगळं पुट्टेला जातं ना? बाईपण तिथेच आहेत. मला वाटलं, त्यांची वही त्यांना मिळेल."

ती उतरली. लेझरनी झाकण उघडले आणि कोपरापर्यंत हात आत घातला. वही बाहेर आली. वहीच्या पुठ्ठ्यावर मुंग्या होत्या. त्यांनी त्या एकेक करून फुंकरीने उडवल्या, एकही मारली नाही. मग शेवटचे पान उघडले. चौदा नावे होती. तेरा नावांपुढे तारखा.

त्यांचे बोट शेवटच्या नावापाशी थांबले, तशी ब्लुमा मागे सरकली.

"रागावलात?"

"नाही. घाबरलो होतो," लेझर म्हणाले. "आठ दिवस घाबरलो होतो. वही गेली तर फ्राडेल पुरतीच गेली, असं वाटत होतं. तू?"

"मीपण."

"मग सांगायचं नाही का, बाळा?"

"तुम्ही कुणाशी बोलतच नव्हता."

यावर लेझरनी मान हलवली, पण ती नेहमीसारखी नाही.

दुपारी शाळा जमली. ब्लुमा सगळ्यात मागे, दाराला चिकटून उभी होती. लेझर अडखळत वाचत होते. इथे शिकून मोठी झालेली काही मुले कामावरून आली होती. आपले नाव आले की कुणी हुंकार देई, कुणी नाक शिंकरी. लेझरनी एकाही नावाची तारीख वाचली नाही. एकतीस वर्षांतल्या एकाचीही नाही. फक्त नावे. शेवटचे नाव ब्लुमाचे होते. तेही त्यांनी बाकीच्यांसारखेच वाचले आणि वही मिटली. कुणाला काही कळले नाही.

रेब अंशेलना मुंग्यांचे कारण लेझरनीच सांगितले. "मध होता. पाव नव्हता," एवढेच. वही आत टाकली कुणी, ते सांगितले नाही. मध सणाला चालतो. म्हणून मी जळाले नाही. मला झाडून, पुसून परत खुंट्यांखाली ठेवले आहे. योसेल पोती घेऊन गेले आणि त्यांनी ती पाने फ्राडेलबाईंच्या शेजारीच पुरली.

मित्रांनो, जुनी पेटी रिकामी करायच्या आधी एकदा आत हात घालून पाहा. आणि वर्गात जो मागे राहतो, त्याच्याजवळ जरा जमिनीवर बसा. तो आळशी असेलच असे नाही. तो घाबरलेला असेल, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसेल. माझ्यासारख्या पेटीला हे बोलता येत नाही. तुम्हाला येते.

मधाची बरणी आता लेझरच्या हत्यारांच्या कपाटात असते. शाळा सुटली की ब्लुमा येते आणि ते दोघे माझ्याजवळ जमिनीवर बसतात. ती बोट ठेवून वाचते. पहिले तीन शब्द नीट येतात. चौथ्यापाशी ती थांबते, वर पाहते. लेझर सांगत नाहीत. थांबून राहतात. मग ती कोट घेऊन घरी जाते आणि ते वही मिटतात.

तिच्या नावापुढची तारीख अजून लिहायची आहे.