खल मागे ठेवून गेलेला बत्ता

ओळखलं नाही ना? साहजिकच आहे. खलासोबत असलो की लोकांना मी कळतो. एकटा दिसलो की हे काय लोखंडाचं दांडकं म्हणून पायाने बाजूला सारतात. मी बत्ता बोलतोय, नागपूरच्या प्रताप नगरातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमधून, दाराजवळ ठेवलेल्या पोत्यातून. वेळ थोडा आहे, म्हणून लाजलज्जा न धरता सांगतो. माझं सारं आयुष्य मारण्यात गेलं, आणि जन्म मार खाण्यात.

अमरावती रोडवर, वाडीच्या गोदामांपाशी एक ट्रक उलटला होता. ड्रायव्हर वाचला, ट्रक नाही. त्याच्या एक्सलचा एक तुकडा रस्त्याकडेला पाल टाकून राहणाऱ्या लोहारांच्या हाती लागला. तो मी. त्यांच्यातल्या एकाने मला सांडशीत धरलं आणि घण उचलला त्याच्या बायकोने, बायजाबाईने. तिकडे घण बाईच मारते. पाठीला लहानगं बांधलेलं, आणि हिचे घाव पडताहेत. प्रत्येक घावाला तिच्या तोंडून ‘हं’ निघायचा, माझ्यातून ठिणग्या निघायच्या, आणि पाठीवरचं पोर निवांत झोपलेलं असायचं. ते पोर का घाबरत नाही, याचं मला तेव्हा फार नवल वाटे.

तिथूनच मला मिनलने घेतलं. तिचा नवरा ऋषिकेश वाडीतल्याच एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कामाला. त्याचा विसरलेला डबा द्यायला ती आली होती. धाकटीच्या वेळी गरोदर होती. मी गंजतो का, माझ्यात शिसं तर नाही ना, खाली पडलो तर फरशीचं काय, असं तिने इतकं विचारलं की बायजाबाईने घण खाली ठेवला.

“बाई, याची काहून काळजी करून राहिली? याले काही होत नाही. हा ज्याच्यावर पडंन, त्याचं पाहा.”

मिनल शिकलेली बाई. एम.ए., बी.एड. एका शाळेत भूगोल शिकवते. पालकसभेत उभी राहून ‘मुलांवर हात उचलू नका’ हे तीच सांगते, आणि सांगून घरी आली की तोंड धुताना आरशातल्या स्वतःकडे बघत नाही. कारण थोरल्या प्रशिकला अधूनमधून एखादी चापट बसलेली असते. मग ती माझ्यावर राग काढते. माझ्याखाली लसूण कितीदा तरी चेचला गेला, तो काही लसणावरच्या रागाने नव्हे.

तिची एक निळी पिशवी होती. तिचं नाव घरात ‘लागलं तर’. लागलं तर औषध, लागलं तर सुई-दोरा, लागलं तर साखर. गेल्या जूनमध्ये चौघं चार दिवसांसाठी मस्कतला निघाली. ऋषिकेशची बहीण वंदना तिथे राहते. गोलूला, म्हणजे तीन वर्षांच्या धाकटीला, गोळी कुटून मधातून द्यावी लागते, म्हणून मिनलने मला त्या पिशवीसकट बॅगेत घातलं. ऋषिकेश हसून हसून दमला. परदेशात लोक कॅमेरा नेतात, माझी बायको मुसळ नेते, असं त्याने घरभर फिरून सांगितलं. शेवटी वजनासाठी खल घरी राहिला आणि मी एकटा विमानात बसलो.

मिनलने चार दिवसांचा तासातासाचा तक्ता केला होता. पहिल्याच संध्याकाळी वंदनाच्या मुलीच्या अंगावर कांजिण्या उठल्या. दोन लहान लेकरं घेऊन तिथे राहणं शक्य नव्हतं. परतीचं विमान चौथ्या दिवशी. बाहेर मस्कत नुसतं भाजत होतं. कुणीतरी म्हणालं, किनाऱ्याने खाली दक्षिणेकडे जा, या दिवसांत तिकडे गार वारा असतो. ऋषिकेशने भाड्याची गाडी आणली, आणि तक्ता पिशवीच्या तळाशी माझ्याखाली गेला.

तो प्रवास म्हणजे मारामारीच होती. गाडीचं स्टिअरिंग डावीकडे, रस्त्याची उजवी बाजू धरायची. ऋषिकेश प्रत्येक वळणावर चुकायचा आणि मिनल प्रत्येक वळणावर ओरडायची. गोलूने दोनदा ओकारी केली. सहा वर्षांचा प्रशिक मागून सीटला लाथा घालत होता, कारण पहिल्यांदा दिसलेल्या समुद्रापाशी कुणी गाडी थांबवली नव्हती. एका बाजूला काळे डोंगर, दुसऱ्या बाजूला पांढरं फेसाळणारं पाणी, आणि वारा असा की वाळू काचेवर फेकून मारल्यासारखी आदळत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी गोलूचं अंग कोमट लागलं. मिनल म्हणाली, थांब आता कुठेतरी. ऋषिकेश थांबला तो थेट किनाऱ्यावर.

आता इथे नागपूरकर माणसाचं काय होतं ते ऐका. आपण पाणी पाहिलेलं असतं ते फुटाळ्याचं, अंबाझरीचं. तलाव सकाळी जिथे असतो तिथेच संध्याकाळी असतो. कडेला गाडी लावा, मक्याचं कणीस खा, निघा. ऋषिकेशला कोरड्या वाळूत चाकं रुततील अशी भीती वाटली, म्हणून त्याने गाडी पुढे नेली, ओल्या, घट्ट, सपाट वाळूवर. ती वाळू घट्ट का आहे, हे दोघांपैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. मिनलच्याही नाही. भरती-ओहोटीच्या धड्यात चंद्र, सूर्य आणि पृथ्वी यांची आकृती फळ्यावर तिच्याइतकी सुबक कुणी काढत नाही. पण आकृतीतलं पाणी वर्गात कधी पुढे सरकत नाही.

दूर होड्यांपाशी एक म्हातारा कोळी उभा होता, पांढऱ्या पायघोळ अंगरख्यातला. त्याने दोन्ही हात वर करून हलवले. ऋषिकेशनेही दोन्ही हात हलवले. किती प्रेमळ लोक आहेत ना, असं म्हणाला.

गोलू झोपली होती. एसी चालू राहावा म्हणून गाडी चालूच ठेवली, किल्ली आत. उन्हाळ्यात नागपुरात सगळेच असं करतात. पन्नास पावलांवर एका खडकाच्या आडोशाला मिनलने चादर टाकली, स्टीलच्या ताटलीत गोळी ठेवली आणि मला हातात घेतलं. ऋषिकेश फोनला रेंज मिळते का बघत उंचवट्याकडे गेला. आणि तेवढ्यात प्रशिक धावला.

सरळ लाटांकडे. पुरुषभर उंचीच्या लाटा होत्या, तोफ फुटल्यासारख्या फुटत होत्या. मिनल ओरडली ते वाऱ्याने खाऊन टाकलं. मला टाकून ती पळाली. पोराच्या घोट्यापर्यंत पाणी आलं होतं, पायाखालची वाळू निसटत होती, आणि पोरगं हसत होतं. तिने त्याला दंडाला धरून फरफटत आणलं आणि मारलं. एक नाही. पाठीत, गालावर, पुन्हा पाठीत. मी वाळूत पडून बघत होतो. मारणं मला ओळखू येतं. तो राग नव्हता, निव्वळ भीती होती. पण मार खाणाऱ्याला त्यातला फरक कसा कळणार?

प्रशिक रडला नाही. गाडीत जाऊन गोलूच्या शेजारी बसला, पुढे वाकला आणि ड्रायव्हरच्या दारावरचं बटण दाबलं. चारही दारं बंद झाली. मिनलने ते पाहिलं. बसू दे थोडा वेळ, असं म्हणून ती पाठ फिरवून रडत बसली. किती वेळ, ते तिला आजही सांगता येत नाही.

तिने वळून पाहिलं तेव्हा गाडी पाण्यात होती.

अर्धी चाकं बुडालेली. पुढची लाट आली आणि गाडीचं मागचं अंग वाळूत बसलं. मिनल धावली. हँडल ओढलं, काचेवर हात आपटले. “उघड! प्रशिक, दार उघड!” तिचा चेहरा भीतीने असा झाला होता की मीही तो ओळखला नसता. पोराने तो मघाशी मार खाताना जवळून पाहिला होता. ती जितकी ओरडे, तितका तो मागे सरके. त्याला समुद्राचं भय नव्हतंच. त्याला बाहेर कोण उभं आहे ते दिसत होतं.

ऋषिकेश बोंबलत आला. त्याने कोपर मारलं, लाथा मारल्या, बोटांची सालं निघाली. दगड शोधायला वाकला, तिथे नुसती वाळू. मग तो होड्यांकडे माणसं आणायला पळाला, आणि मिनल माझ्याकडे.

पुढची, पोरांपासून लांबची काच तिने निवडली. एवढं भान होतं तिला. तिने मला दोन्ही हातांनी उचललं, बायजाबाईने घण उचलावा तसं, आणि घातलं. काचेच्या मधोमध. मी उडून परत आलो. पुन्हा घातलं. पुन्हा तेच. मला बोलता आलं असतं तर सांगितलं असतं, बाई, मध्ये नको, कोपऱ्यात मार. पण आमच्यासारख्यांना फक्त पडता येतं. तिसऱ्यांदा हात वर गेला आणि मागून लाटेने तिला गाडीवर आपटलं. घाव चुकला. कोपऱ्यात बसला. सगळी काच एकदम फुटली, मूठभर खडीसाखर उधळावी तशी आत सांडली.

त्या क्षणाला मी आत पाहिलं. प्रशिकने झोपेतून किंचाळत उठलेल्या गोलूला आपल्या अंगाखाली घेतलं होतं. डोकं खाली, पाठ वर. पाण्यापासून नाही. आमच्यापासून वाचवायला.

मिनलने आत हात घालून बटण दाबलं आणि मागचं दार उघडलं. पाणी आत धडकलं. तिने गोलूला पट्ट्यातून सोडवून उपसलं, तोवर तो म्हातारा कोळी मांडीभर पाण्यातून आला आणि त्याने प्रशिकला खांद्यावर टाकलं. मागून ऋषिकेश दोर घेऊन आला. गाडी कुणी ओढली नाही. पुढच्या दोन लाटांनी ती आडवी केली.

किनाऱ्यावर म्हातारा धापा टाकत मोडक्या हिंदीत ऋषिकेशला म्हणाला, “मैं हाथ हिलाया, तुम भी हाथ हिलाया.” कुणी हसलं नाही. प्रशिकच्या कपाळावर बारीक चीर होती, रक्त भुवईपर्यंत आलं होतं. मिनल गुडघ्यावर बसली आणि तिने हात पसरले. तो म्हाताऱ्याच्या पायामागे गेला. ती पुढे सरकली, तो आणखी मागे.

“मिनल,” ऋषिकेश हळूच म्हणाला, “ते ठेव ना खाली.”

मी तिच्या हातातच होतो. तिला माहीतच नव्हतं.

मी परत आलो. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. ऋषिकेशने तर मला पाहुण्यांच्या हातात देऊन दाखवायची पद्धतच पाडली. बायकोच्या मुसळाने माझी लेकरं वाचवली, असं तो छाती फुगवून सांगायचा. मी ओट्यावर पुन्हा खलात बसलो आणि पहिल्या दिवशी आलं कुटायला सुरुवात झाली. ठक, ठक. दुसऱ्या ठोक्याला प्रशिकने हॉलमध्ये गोलूचा हात धरला, तिला गॅलरीत नेलं आणि दार लावून घेतलं.

मिनलचा हात थांबला. दुसऱ्या दिवशी तिने हलकेच कुटून पाहिलं. तेच झालं. मग मिक्सर आला. पण मी दिसलो तरी पोरगं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच थांबायचं, पाणीसुद्धा बापाकडे मागायचं. आई जवळ घ्यायला गेली की अंग चोरायचं. आई जिवंत, लेकरं जिवंत, आणि घरात सगळे पाय न वाजवता चालणारे, असे महिने गेले. मिनलने पालकसभेत बोलणं सोडलं. तब्येत बरी नाही म्हणून सांगायची.

गेल्या रविवारी दुपारी ती उंबऱ्याच्या अलीकडे फरशीवर बसली. तो पलीकडे उभा. भूगोलाच्या बाईंनी धडा पाठ केला असावा, पण तोंडून निघाला तो वेगळाच.

“प्रशिक, त्या दिवशी मी तुले मारलं. समुद्राने नाही मारलं, मी मारलं. ते चुकलं माझं.”

त्याने पायाच्या अंगठ्याने फरशी खरवडली. मग विचारलं, “पुन्हा मारशील?”

‘नाही’ तिच्या ओठावर आलं होतं. मी पाहिलं. तिने ते गिळलं.

“राग येईल. मले येतो, तुले माहीत आहे. पण हात उचलणार नाही. उचलला, तर तू बाबाले सांग, शाळेत सांग, सगळ्यांले सांग. मी खोटं नाही म्हणणार.”

प्रशिकने माझ्याकडे बोट केलं. “आणि हा?”

मिनलने माझ्याकडे पाहिलं. मी तिची दोन लेकरं वाचवली होती, हे तिला ठाऊक होतं. मला तर ठाऊक होतंच. तिने क्षणभरही घासाघीस केली नाही. “तू सांगशील तसं,” ती म्हणाली.

त्याने भंगारात द्यायला सांगितलं, म्हणून मी या पोत्यात आहे. सोबत जुन्या वह्या आहेत, गोलूची मोडकी तीनचाकी आहे. ऋषिकेशने थोडी कुरकुर केली. आज कबाडीवाला येणार. कुणी त्या पोराला कृतघ्न म्हणू नका, एवढीच माझी विनवणी. आणि मला बिचारा म्हणू नका. मला पुन्हा भट्टीत घालतील, ठोकतील, दुसरं काही घडवतील. ते मला सोसतं, त्याच्यासाठीच मी लोखंड आहे. तुमच्या घरात जे लोखंडाचं नाही, त्याला घडवायला माझी रीत वापरू नका.

बायजाबाईचं पोर घणाच्या आवाजात का झोपायचं, हे आता मला उमगलंय. तो घण कधी त्याच्याकडे वळलाच नव्हता.

खालून हाक आली. प्रशिक आला, पोत्याचं तोंड दोन्ही मुठींत धरून ओढायला लागला. मी हललो नाही. त्याने पुन्हा जोर लावला, धाप लागली त्याला. मिनल दोन हात अंतरावर भिंतीला टेकून उभी आहे. बोलावल्याशिवाय पुढे यायचं नाही, असं तिने स्वतःला बजावलेलं दिसतंय.

“मम्मी,” तो वर न बघता म्हणतोय, “लय जड आहे. इकडून तू धर नं.”